शेख बू अली सीना : मेद्याचं शास्त्र लिहिणारे हकीम आणि त्यांचं स्वतःचं दुखणं

इब्न सीना हे नाव ऐकलं नाही असं घर आपल्या समाजात क्वचितच सापडेल. दवाखान्याच्या पाटीवर, कॅलेंडरवर, मुलांच्या प्रश्नमंजुषेत हे नाव असतंच. पण त्यांचं आयुष्य कसं गेलं असं विचारलं, तर ते फार मोठे हकीम होते आणि युरोपवाल्यांनी त्यांची किताब वाचली, याच्या पुढे बहुतेकांना सांगता येत नाही. शाळेत जठराचा धडा शिकवताना आम्हाला मात्र हे आयुष्य सांगितल्याशिवाय राहवत नाही. कारण या माणसाच्या नशिबाची दोरी पुन्हा पुन्हा पोटाच्या दुखण्यानेच ओढली. एका अमीराची पोटदुखी बरी केली म्हणून ते दरबारात पोहोचले. तीच पोटदुखी उलटली म्हणून लपलेल्या जागेतून त्यांना परत बोलावण्यात आलं. कैदेत त्यांनी त्याच दुखण्यावर किताब लिहिली. आणि शेवटी त्याच दुखण्याने ते गेले.

आमच्या पाथर्डीकडे जठर हा शब्द शाळेच्या पुस्तकातच राहतो. घरात उर्दू बोलणारी मुलं मेदा म्हणतात, बाकीची सरळ पोट म्हणतात. त्यात मराठीत मेद म्हणजे चरबी, आणि मैदा तर किराणा दुकानात मिळतो, त्यामुळे वर्गात हमखास गोंधळ उडतो. म्हणून आधीच सांगतो : या लेखात मेदा म्हणजे जठर. ते बेंबीपाशी नसतं. ते बरगड्यांच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात, जास्त करून डाव्या बाजूला असतं.

भाजीवाल्याकडे हिशेब शिकलेला मुलगा

इब्न सीनांचा जन्म हिजरी 370 चा, म्हणजे इसवी सन 980 चा. गाव अफशाना, बुखारा शहराजवळ, आजच्या उझबेकिस्तानात. वडील अब्दुल्लाह मूळचे बल्खचे आणि समानी सुलतानांच्या नोकरीत होते. आईचं नाव सितारा. कुटुंब बुखाऱ्याला आलं आणि मुलाचं शिक्षण सुरू झालं. दहाव्या वर्षी कुरआन शरीफ तोंडपाठ झालं होतं. त्यानंतरची एक गोष्ट आपल्याकडच्या मुलांना फार आवडते. वडिलांनी त्याला हिंदुस्थानी अंकगणित शिकायला एका भाजी विकणाऱ्याकडे पाठवलं. बुखाऱ्याच्या बाजारात भाजीवाला हिंदी पद्धतीने हिशेब करायचा, आणि पुढे जगभर गाजलेल्या या माणसाने गणिताची सुरुवात त्याच्याकडे केली.

पुढे फिकह, तर्कशास्त्र, भूमिती आणि मग तिब्ब. सोळाव्या वर्षापर्यंत मोठमोठे हकीम त्यांच्याकडे वाचायला येऊ लागले होते. एखादा मसला सुटला नाही की ते मशिदीत जात, नमाज पढत, दुआ मागत आणि परत कामाला बसत. सगळंच त्यांना सहज जमलं असंही नाही. अरस्तूची एक किताब चाळीस वेळा वाचूनही कळली नव्हती. मग बाजारात तीन दिरहमला फाराबींची एक छोटी किताब मिळाली आणि गाठ सुटली. त्या आनंदात त्यांनी दुसऱ्या दिवशी गरिबांना खैरात वाटली.

साधारण सतराव्या वर्षी बुखाऱ्याचे सुलतान नूह बिन मन्सूर आजारी पडले. दरबारी हकिमांनी या मुलाला बोलावलं. सुलतान बरे झाले. बक्षीस म्हणून त्यांनी शाही ग्रंथालयात बसून वाचायची परवानगी मागितली. पैसा नाही, जहागीर नाही, फक्त पुस्तकं.

पण हे दिवस टिकले नाहीत. समानी सत्ता कोसळली, वडिलांचं निधन झालं, आणि विशीतल्या या तरुणाला बुखारा सोडावा लागला. गुरगांज, नसा, तूस असं गाव गाव फिरत ते कॅस्पियन समुद्राजवळच्या जुर्जानला पोहोचले. तिथे त्यांना अबू उबैद जूजजानी हा शागिर्द मिळाला, तो शेवटपर्यंत सोबत राहिला. आज शेखांच्या आयुष्याबद्दल आपल्याला जे माहीत आहे, त्यातलं सुरुवातीचं त्यांनी स्वतः सांगितलं आणि पुढचं या शागिर्दाने लिहून ठेवलं. जुर्जानलाच त्यांनी ती किताब लिहायला घेतली जिचं नाव अल-कानून फित्-तिब्ब.

मेद्याची देग आणि दरवान

कानूनचे पाच भाग आहेत. पहिल्यात तिब्बची मूळ तत्त्वं, दुसऱ्यात साध्या औषधी, तिसऱ्यात डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवाचे आजार, चौथ्यात सगळ्या शरीराचे आजार आणि पाचव्यात मिश्र औषधी. तिसऱ्या भागात अन्ननलिका आणि मेदा यांच्यासाठी एक वेगळा मोठा विभाग आहे. आधी मेदा कसा बनलेला आहे, मग तो काय काम करतो, मग तो बिघडतो कसा आणि उपाय काय, अशा क्रमाने ते जातात. आजही शाळेच्या पुस्तकात आधी रचना आणि मग कार्य असाच क्रम असतो.

त्यांच्या काळच्या समजुतीप्रमाणे मेदा ही एक देग आहे. तिच्या उजव्या बाजूला जिगर, म्हणजे यकृत, आच देतं. डावीकडे तिल्ली असते. वरून चरबीचा पडदा पांघरुणासारखा उब धरून ठेवतो. या देगेत अन्न शिजून पेजेसारखं होतं. त्याला ते कैलूस म्हणतात. मेद्यात चार कुवती काम करतात : जाजिबा अन्न आत ओढते, मासिका धरून ठेवते, हाजिमा पचवते आणि दाफिआ पुढे ढकलते. आपल्या घरात हाजमा हा शब्द रोज वापरला जातो, तो याच कुटुंबातला.

मेद्याच्या खालच्या टोकाला जिथून अन्न आतड्यात जातं, त्या जागेला अरबीत बव्वाब म्हणतात. बव्वाब म्हणजे दरवान. अन्न तयार होईपर्यंत दरवान दार बंद ठेवतो, तयार झालं की थोडं थोडं सोडतो. त्यापुढच्या आतड्याची लांबी बारा बोटं, म्हणून त्याचं नाव इस्ना अशरी, अरबीत बारावाला. पचनाची सुरुवात मेद्यात होत नाही, तोंडात चावतानाच होते, हेही त्यांनी लिहिलं आहे. चार घास न चावता गिळणाऱ्या मुलांना आम्ही हे मुद्दाम सांगतो.

आता आजचं विज्ञान याच्याशेजारी ठेवून पाहू. जठराला स्नायूंचे तीन थर असतात : एक उभा, एक गोल आणि एक तिरपा. शेखांनीही उभे, आडवे आणि तिरपे धागे सांगितले होते आणि प्रत्येकाला वेगळं काम दिलं होतं. कामाची वाटणी आज तशी मानत नाहीत, कारण तिन्ही थर मिळून अन्न घुसळतात, पण धाग्यांच्या तीन दिशा खऱ्या आहेत. दरवानही खरा आहे. तो स्नायूंचा एक कडा आहे, आणि तो पातळ झालेलं अन्न अगदी थोडं थोडं सोडतो. साधं जेवण जठरातून पुढे सरकायला 2 ते 4 तास लागतात. रिकामं जठर मुठीएवढं असतं, आणि जेवणानंतर त्यात एक ते दीड लिटर सहज मावतं.

देगेची आच मात्र खरी नाही. शरीराची उष्णता 37 अंशांच्या आसपास असते, तिच्यावर काही शिजत नाही. अन्न विरघळतं ते आम्लामुळे. 1824 मध्ये लंडनच्या विल्यम प्राउट यांनी जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं हे दाखवून दिलं. त्याच सुमारास अमेरिकेत ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या माणसाला बंदुकीची गोळी लागून पोटावर भोक राहिलं होतं. डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्या भोकातून कित्येक वर्षं जठराचं काम डोळ्यांनी पाहिलं आणि 1833 मध्ये त्यावर पुस्तक काढलं. आम्लासोबत पेप्सिन असतं, ते प्रथिनं तोडतं. आणि हे आम्ल जठरालाच खाऊ नये म्हणून आतून चिकट श्लेष्माचं अस्तर असतं. ते अस्तर कमजोर पडलं की जखम होते, तिला आपण अल्सर म्हणतो. बऱ्याच अल्सरच्या मुळाशी एक जंतू असतो, हे ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवलं, त्यासाठी त्यांना 2005 चं नोबेल मिळालं.

मुलं मग विचारतात, म्हणजे इब्न सीना चुकले का? काही ठिकाणी हो. त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता, रसायनशास्त्र आजचं नव्हतं. ते स्वतःही जालीनूससारख्या जुन्या उस्तादांना तपासूनच पुढे गेले होते. त्यांना तपासून पाहणं म्हणजे त्यांचा अपमान नव्हे.

पोटदुखीने दिलेली वजिरी

जुर्जानहून ते रय शहरात आणि तिथून हमदानला आले. हमदानचे अमीर शम्सुद्दौला यांना कुलंजचा त्रास होता. कुलंज म्हणजे मोठ्या आतड्यात उठणारी भयंकर कळ. अन्न अडतं, वारा अडतो, माणूस गडाबडा लोळतो. शेखांनी चाळीस दिवस आणि चाळीस रात्री अमीरांच्या उशाशी काढल्या. अमीर बरे झाले, शेख त्यांचे सोबती झाले आणि पुढे वजीर.

वजिरी सुखाची नव्हती. फौजेला पगारावरून किंवा कशावरून म्हणा, त्यांचा राग आला. सैनिकांनी घराला वेढा घातला, सामान लुटलं, त्यांना पकडलं आणि अमीरांकडे त्यांच्या जिवाची मागणी केली. अमीरांनी जीव घेतला नाही, पण पदावरून काढलं. शेख एका ओळखीच्या माणसाच्या घरी चाळीस दिवस लपून बसले. तेवढ्यात अमीरांची कळ पुन्हा उठली. आता दुसरं कोण? शोधाशोध झाली, अमीरांनी माफी मागितली, आणि ज्याला हाकललं त्यालाच पुन्हा वजीर केलं.

या काळातला त्यांचा दिवस ऐकला तर थकवा येतो. दिवसभर दरबाराचं काम. रात्री शागिर्द जमत, कोणी कानून वाचे, कोणी शिफा नावाची तत्त्वज्ञानाची किताब वाचे, आणि शेख मजकूर सांगत जात. झोप कमी, प्रवास फार, जेवणाची वेळ ठरलेली नाही, मैफली उशिरापर्यंत. जूजजानींनी उस्तादावर जीव टाकला, पण उस्ताद स्वतःच्या शरीराला जपत नव्हते हे लिहायला ते कचरले नाहीत.

1021 मध्ये शम्सुद्दौला मोहिमेवर असताना कुलंज पुन्हा उसळला. पथ्य पाळलं नव्हतं, शेखांचं ऐकलं नव्हतं. पाळण्यात घालून परत आणताना वाटेतच त्यांचं निधन झालं. नव्या राजवटीत शेखांवर संशय आला की ते इस्फहानच्या अमीराशी पत्रव्यवहार करतात. त्यांना फरदजानच्या किल्ल्यात चार महिने कैद केलं. या कैदेत त्यांनी ज्या किताबी लिहिल्या त्यातली एक कुलंजवर आहे. पुस्तकं नाहीत, दवाखाना नाही, उद्याची खात्री नाही, आणि माणूस आतड्याच्या कळेची कारणं आणि उपचार लिहितो आहे. कुलंजची कळ आणि मूतखड्याची कळ यांत फरक कसा करायचा, याचा विचार त्यांनी कानूनमध्ये केला आहे. आजही डॉक्टर पोट धरून आलेल्या पेशंटच्या बाबतीत हाच प्रश्न आधी सोडवतात.

सुटल्यावर ते सूफींच्या कपड्यात, भाऊ, जूजजानी आणि दोन गुलामांसह हमदानमधून निसटले आणि इस्फहानला अमीर अलाउद्दौला यांच्याकडे पोहोचले. तिथली वर्षं त्यातल्या त्यात बरी गेली.

पंधरा पट औषध

मग हिजरी 425 च्या सुमारास, अलाउद्दौलांसोबत मोहिमेवर असताना, कुलंजने खुद्द शेखांनाच गाठलं. फौज हरली तर मागे पळावं लागेल आणि आजारी माणूस मागे राहील, या भीतीने त्यांना लवकर बरं व्हायचं होतं. त्यांनी एका दिवसात आठ वेळा एनिमा घेतला, हकिमांच्या भाषेत हुकना. आतड्याला आतून जखमा झाल्या, रक्त पडू लागलं. आणि विश्रांती तर नाहीच, त्याच हालतीत फौजेबरोबर पुढचा प्रवास.

पुढे कुलंजसोबत झटके येऊ लागले. वारा सरावा म्हणून त्यांनी हुकन्यात अजमोद्याचं बी दोन दानिक घालायला सांगितलं. एका दिरहमचे सहा दानिक होतात. उपचार करणाऱ्या हकिमाने पाच दिरहम घातलं. मुलांनी हिशेब करून पाहावा : दोन ऐवजी तीस दानिक, म्हणजे पंधरा पट. हे मुद्दाम झालं की चुकून, ते जूजजानींनाही कळलं नाही. जखमा वाढल्या. झटक्यांवर जे माजून ते घेत, त्यात एका गुलामाने अफू जास्त मिसळली. नोकरांनी त्यांच्या खजिन्यातून चोरी केली होती आणि पकडले जाण्याची त्यांना भीती होती, असं जूजजानी लिहितात.

डोलीत घालून त्यांना इस्फहानला आणलं. स्वतःवर उपचार करत ते चालण्याइतके सावरले, दरबारातही जाऊ लागले. पण पथ्य नाही, आराम नाही. दुखणं कधी दबे, कधी उसळे. शेवटी अलाउद्दौलांसोबत हमदानला निघाले आणि वाटेतच पुन्हा पडले. हमदानला पोहोचल्यावर त्यांनी ओळखलं की शरीरात आता झुंजायची ताकद उरली नाही. त्यांनी औषध बंद केलं. मग तौबा केली, माल गरिबांना वाटला, ज्यांचा हक्क मारला गेला होता त्यांना तो परत केला, गुलाम आजाद केले आणि दर तीन दिवसांनी एक कुरआन खत्म करू लागले. हिजरी 428 च्या रमजान महिन्यात, इसवी सन 1037 च्या जूनमध्ये, त्यांचं निधन झालं. कबर हमदानला आहे.

त्यांच्या तत्त्वज्ञानावर उलमांचे मतभेद झाले, इमाम गजालींनी कडक आक्षेप घेतले. तो वेगळा विषय आहे आणि जाणकारांचा आहे. पण तिब्बमधली त्यांची कामगिरी सर्वांनी मानली. बाराव्या शतकात स्पेनच्या तुलैतुला शहरात कानूनचं लॅटिन भाषांतर झालं आणि युरोपच्या विद्यापीठांत ते सतराव्या शतकापर्यंत शिकवलं गेलं.

जुर्जान ते अहमदनगर

हे सगळं दूर इराण-बुखाऱ्याचं वाटेल, पण त्याचा एक धागा आपल्या जिल्ह्यात येतो. निजामशाहीत बुऱ्हाण निजामशहांच्या दरबारी रुस्तम जुर्जानी नावाचे हकीम होते, त्यांनी अहमदनगरात जखीरा-ए-निजामशाही ही तिब्बची किताब लिहिली. जुर्जानी, म्हणजे ज्या मुलखात कानूनची सुरुवात झाली तिथल्या नावाचे. त्याच मुलखातल्या अस्तराबादहून लहानपणी नगरला आलेले मुहम्मद कासिम फरिश्ता इतिहासकार म्हणून प्रसिद्ध आहेत. पुढे विजापूरला राहिलेल्या फरिश्तांनी दस्तूर-उल-अतिब्बा ही फारसी किताब लिहिली. इथल्या वैद्यांचं शास्त्र मुसलमान हकिमांना कळावं, हा तिचा हेतू होता. बुखाऱ्यात इब्न सीना भाजीवाल्याकडून हिंदी हिशेब शिकले, दख्खनमध्ये फरिश्ता वैद्यांकडून औषधी शिकले. शिकताना कोणी समोरच्याची जात-जमात पाहिली नाही.

आज महाराष्ट्रात पुण्याच्या आझम कॅम्पसमध्ये, मालेगावात, अक्कलकुव्यात युनानी कॉलेजं आहेत. बीयूएमएस करणारी आपली मुलं-मुली तिथे कुल्लियात शिकतात, तो विषयच कानूनच्या पहिल्या भागाच्या नावाचा.

आपण काय घ्यायचं

शेखांनी लिहिलेले नियम साधे आहेत. भूक लागल्यावर जेवावं. थोडी भूक बाकी असताना हात आखडावा. आधीचं पचायच्या आत वर भर घालू नये. जेवून लगेच दगदग करू नये. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला, एक श्वासाला, ही नबी करीम सल्ल. यांची शिकवण आपल्याला आधीपासून माहीत आहे. तरीही रमजानमध्ये आपल्याकडे इफ्तारला काय होतं ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. 13-14 तास रिकामं राहिलेलं, मुठीएवढं झालेलं जठर, आणि त्यात दहा मिनिटांत भजी, समोसे, शरबत आणि वर बिर्याणी. दरवान तरी काय करणार? खजूर, पाणी, थोडं फळ, मग मगरिबची नमाज आणि त्यानंतर जेवण, ही जुनी रीत मेद्यालाही सोयीची आहे.

दुसरी गोष्ट औषधाच्या मापाची. पंधरा पट अजमोद्याने एका जगप्रसिद्ध हकिमाची जखम वाढवली. आपल्याकडे शेजाऱ्याने सांगितलेली फक्की, मेडिकलमधून मागून आणलेली दुखण्याची गोळी, जुलाबाचं औषध दोनाऐवजी चार चमचे, हे रोज चालतं. दुखण्याच्या बऱ्याच गोळ्या रिकाम्या पोटी जठराचं अस्तर खरवडतात. उलटीत रक्त दिसलं, शौचाला काळं डांबरासारखं झालं, पोट दगडासारखं कडक झालं, गिळायला त्रास होऊ लागला किंवा वजन आपोआप उतरू लागलं, तर घरगुती उपाय थांबवून थेट डॉक्टरांकडे जावं. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या तालुक्यातल्या भावा-बहिणींनी तर हे लक्षात ठेवायलाच हवं, कारण फडावर दुखणं अंगावर काढायची सवय असते.

तिसरी गोष्ट घरातल्या कमावत्या माणसांसाठी. शेखांना मेद्याचं सगळं माहीत होतं. कमी पडली ती झोप, वेळेवरचं जेवण आणि आजारात पडून राहण्याची सवड. दुसऱ्याच्या उशाशी चाळीस रात्री बसलेल्या माणसाने स्वतःला चार दिवस दिले नाहीत. आपल्या घरातही सगळ्यांना वेळेवर जेवू घालणारी अम्मी स्वतः दुपारी तीनला जेवते, आणि दुकान सांभाळणारे अब्बा दिवसभर चहावर काढतात. हा लेख वाचून झाला की एवढंच करा : आज त्यांना वेळेवर ताटावर बसवा.

अल्लाह तआला शेख बू अली सीनांच्या चुका माफ करो, त्यांच्या इल्मचा फायदा आपल्या मुलांपर्यंत पोहोचवो आणि आपल्या सर्वांना सेहत देवो. आमीन.